पाना हातात घेण्याआधी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही, कर्जावरही नाही. आज जुन्या गाडीवर बोलायचे आहे. हसू नका. मांडवात येताना बाहेर लावलेल्या गाड्या आम्ही बघून आलो. नवी एखादीच. बाकी सगळ्या वीस-वीस वर्षांच्या डिझेल जीपा आणि पिकअप. त्यातल्या दोन मुद्दाम उतारावर लावल्या आहेत. का लावल्या, ते त्यांच्या मालकांना विचारा. आमचीही त्यातलीच एक होती.

देवनार तुम्हाला माहीत आहे. १९७१ सालापासून मुंबई महापालिकेचा कत्तलखाना तिथे आहे आणि आवारातच बकऱ्यांचा बाजार. बकरी ईदच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशापासून जनावरे येतात. कापूस-ज्वारीने दगा दिला की कोरडवाहू घराला बोकडच हात देतात. गावात येणारा व्यापारी पाडून मागतो, म्हणून जालना जिल्ह्यातल्या पाच घरांचे अठरा बोकड आमच्या जुन्या पिकअपमध्ये घालून आम्हीच देवनारला निघालो.

गाडीचे दुखणे महिन्याभरापासूनचे. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची, मग धक्का. एकदा लागली की दुपारपर्यंत बरी, पुन्हा मध्येच अडखळायची, गचके द्यायची. शेतकीची पदवी घेतलेले आम्ही, इंजिनातलेही कळते असे समजत होतो. गॅरेजवाल्याला आम्हीच सांगितले, पंप खराब आहे, खोला. त्याने खोलला, दुरुस्त करून आणला, अकरा हजार रुपये घेतले. आठ दिवस गाडी छान चालली. नवव्या दिवशी पुन्हा तेच.

प्रवासात येवल्याजवळ गाडी फटफटायला लागली. मेकॅनिकने डिझेल फिल्टर बदलला. शेजारीच पंप होता, वीस लिटर डिझेल भरले. नाशिक गेले, कसारा घाट उतरला, गाडी एकदाही अडखळली नाही. आम्ही म्हटले, बघा, फिल्टरच होता! मुलुंडचा नाका ओलांडला आणि गचके सुरू. घाटकोपर-मानखुर्द रस्त्यावर, देवनार हाकेवर असताना, गाडी बंद पडली ती पडलीच.

ऊन, गाडीत जनावरे, पाणी संपलेले. व्यापारी गाडीपाशीच आला. त्याला काही बोलावेच लागले नाही. बंद गाडी बघूनच त्याने भाव सांगितला. बोकडामागे अडीच हजार कमी. जनावरे तडफडू लागली होती, आम्ही दिले. त्यात एका बाईचे चार बोकड होते. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी वर्षभर सांभाळलेले. तिचे दहा हजार त्या रस्त्यावर राहिले. सगळ्यांचे मिळून पंचेचाळीस हजार.

माल विकून झाल्यावर गोवंडीचा एक पोरगा आला. विशी-बाविशीतला. त्याने पाना काढलाच नाही. आधी विचारले, "काका, टाकी भरल्यावर गाडी बरी चालते का?" आम्ही गप्प झालो. खरेच होते. मग त्याने डिझेलचा कॅन टपावर बांधला, त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाला जोडली, एअर काढली आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात लागली, अर्धा तास एकसुरात चालली. म्हणजे इंजिन चांगले, पंप चांगला, नोझल चांगले. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधे. टाकीवरच्या रबरी पाइपाला क्लिपखाली चीर होती. साठ रुपयांचा पाइप!

आता हे घडले कसे, ते नीट समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच पेट घेईल. त्या फवाऱ्यासाठी नोझलपाशी शंभर-दोनशे किलोचा दाब लागतो. डिझेल दबत नाही, म्हणून दाब पोचतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडत नाही, इंजिन अडखळते. याला मेकॅनिक एअर धरली म्हणतात.

आणि टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर असते. तिथे चीर पडली तर बाहेर डिझेल गळत नाही, आत हवा जाते. खाली कोरडे, म्हणून कुणाला संशयच येत नाही. रात्रभरात नळीतले डिझेल टाकीत परत उतरते, म्हणून सकाळी गाडी लागत नाही. टाकी भरलेली असली की ओढायला कमी लागते, म्हणून बरी चालते. टाकी उतरली की ओढ वाढते, हवा शिरते. येवल्याला आम्ही फिल्टर आणि डिझेल दोन्ही एकदम घातले आणि श्रेय फिल्टरला दिले. पंप दुरुस्त झाल्यावरही आम्ही टाकी भरलीच होती.

इथेच आम्हाला आमचीच लाज वाटली. कपाशीवर लाल्या दिसला की तुम्हाला आम्ही काय सांगतो? मॅग्नेशियम कमी पडले असेल, बोंडे भरताना नत्र कमी पडले असेल, तुडतुडे असतील, रात्रीची थंडी असेल. आधी पान उलटून बघा. औषध आणि खत एकाच दिवशी मारू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. चार ओळी तशाच सोडा. शेतात जे सांगितले ते गाडीशी आम्ही पाळले नाही.

म्हणून पाना उचलण्याआधी एवढे बघा.

सेल्फ हळू फिरतो की जोरात? हळू फिरतो, नुसते टकटक करतो, दिवे मंदावतात, तर डिझेलकडे जाऊच नका. बॅटरीची टोके सोडा घातलेल्या कोमट पाण्याने साफ करा, घट्ट आवळा. इंजिनापासून चासीला जाणारी अर्थची पट्टी बघा. ती गंजली तर नवी बॅटरीही मेल्यासारखी वागते.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी लागत नाही, तर धूर बघा. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा धूर, म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही: हीटर प्लग, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. चालताना काळा धूर, तर आधी एअर फिल्टर झटका.

अर्ध्या तासाने बंद पडते, थोडे थांबले की पुन्हा लागते? टाकीचे झाकण उघडा. सुस्स आवाज आला तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. आवाज नसेल तर टाकीतली जाळी बघा. चालताना कचरा जाळीला चिकटतो, थांबल्यावर खाली बसतो.

खड्ड्यात आदळली की बंद? बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर हलवून बघा.

पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचे पाणी आठवड्याला सोडा. गावात ड्रममधले डिझेल घेत असाल तर ते रात्रभर निवळू द्या, तळचे वीतभर घेऊ नका.

मोटारसायकलवाल्यांसाठी एकच. २०२५ पर्यंत पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. ऊस आणि मका आपलाच आहे, आमची तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुने रबर खराब करते. जुनी गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, पेट्रोलची रबरी नळी बदलून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग गाडी चालवून बघा, आणि काय केले ते वहीत लिहा. ज्या दिवशी बिघडली त्या दिवशी टाकीत किती डिझेल होते, तेही लिहा. मेकॅनिकला 'पंप खोल' सांगू नका. गाडी कधी, कशी बंद पडते ते सांगा.

बाजारात मालाचा भाव मागण्याचा हक्क ज्याला माल परत नेता येतो त्यालाच असतो. बंद गाडीवाल्याला नसतो. पंचेचाळीस हजार मोजून आम्ही हे शिकलो. तुम्ही फुकट घ्या.

आता उतारावर लावलेल्या त्या दोन गाड्यांचे मालक कोण, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. कॅन आणि पारदर्शक नळी आम्ही बरोबर आणली आहे.