समुद्रात उभे राहिलेले मंदिर



व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ११ किलोमीटरवर त्रिनिदाद हे बेट आहे. टोबॅगो या धाकट्या बेटासह ते १९६२ साली स्वतंत्र झाले. लोकसंख्या सुमारे १४ लाख. त्यात आफ्रिकी आणि भारतीय वंशाचे लोक जवळपास समसमान. २०११ च्या जनगणनेनुसार हिंदू सुमारे १८ टक्के.

गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज सुमारे सव्वादोनशे भारतीयांना घेऊन तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक गेले. ते बहुतांशी आजच्या पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील होते. पाच वर्षांचा करार, राहायला बराकी, आणि परवान्यावाचून मळ्याबाहेर पडणे हा गुन्हा! हिंदू पद्धतीचा विवाह कायदा मानीत नसे. अग्नीच्या साक्षीने लग्न झालेल्या दांपत्याची मुलेही कायद्याच्या दृष्टीने अनौरस ठरत. हिंदू विवाहाचा कायदा झाला तो थेट १९४५ साली.

सिवदास साधू हे असेच एक मळ्यातील मजूर. त्यांनी १९४७ साली वॉटरलू येथे किनाऱ्यावर मंदिर बांधले. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये मंदिर पाडण्यात आले आणि साधूंना १४ दिवसांचा तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर त्यांनी जमिनीचा नादच सोडला. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, असे म्हणून सायकलवरून दगडमाती वाहत त्यांनी पाण्यात भराव घातला आणि त्यावर नवे मंदिर उभारले. या कामात त्यांची अनेक वर्षे गेली. लाटांनी झिजलेल्या त्या वास्तूचा १९९४-९५ मध्ये जीर्णोद्धार झाला.

आफ्रिकी वंशजांची कथाही याच जातीची. त्यांच्या ढोलांवर सरकारने निर्बंध घातले. पुढे त्यांनी तेलाच्या टाकाऊ पिंपांतून 'स्टीलपॅन' हे वाद्य घडविले. आज ते राष्ट्राचे वाद्य आहे.

दिवाळीला तेथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी असते. पूजेनंतर अंगणात बांबूवर रंगीत झेंडी उभारतात. फगव्याला चौताल गातात. बासदेव पांडे १९९५ मध्ये भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. कमला प्रसाद-बिसेसर २०१० आणि २०२५ मध्ये त्या पदावर निवडून आल्या.

तरीही चित्र सर्वस्वी उजळ नाही. तेल व वायूने देशाला संपन्नता दिली. पण २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी बंद पडून सुमारे ९ हजार कामगारांचा रोजगार गेला. २०२४ मध्ये ६०० हून अधिक खून झाले आणि वर्षअखेरीस आणीबाणी पुकारावी लागली.

आणखी एक हानी निःशब्द झाली. रामायण टिकले, परंतु भोजपुरी बोली घराघरांतून लोपली. आजी नातवंडांशी इंग्रजीत बोलू लागली, तेव्हा तिला कोणी अडविले नव्हते. मंदिर पाडणारे डोळ्यांना दिसतात, म्हणून ते पुन्हा बांधता येते. घरातली भाषा मात्र आपल्याच हातून सुटते. नोकरीनिमित्त परदेशी स्थिरावलेल्या प्रत्येक कुटुंबाने त्रिनिदादकडून हे शिकून घ्यावे.