गिरणीच्या दरवाजापासून सेवायोजन कार्यालयापर्यंत
(भाषणाचा मजकूर)



काम कोठे आहे हे कळणे, तेथवर पोहोचण्याची वाट खुली असणे आणि ते काम करण्याचे कौशल्य अंगी असणे, या तीन गोष्टी जुळून आल्या म्हणजेच बेकार हाताला काम मिळते. परळ, लालबाग आणि दादर या परिसराचा इतिहास पाहता यांपैकी एकीची जरी उणीव राहिली, तरी त्याची किंमत श्रमिकालाच मोजावी लागते, असे दिसून येते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्यास प्रारंभ केला. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतील माणसे गिरणगावात येऊ लागली. कोणत्या खात्यात जागा आहे, ही वार्ता गावकीच्या खोल्यांतून कळे; परंतु भरतीची किल्ली जॉबरच्या हाती असे. सकाळी गिरणीच्या दरवाजाशी बदली कामगारांची गर्दी होई आणि गैरहजर कामगाराच्या जागी कोणास घ्यावयाचे, हे जॉबर ठरवी. त्यासाठी दस्तुरीही द्यावी लागे. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीतील दोषांवर बोट ठेवले.

१९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. महिन्याच्या प्रारंभी निवडक उमेदवारांना बदली पत्रके देण्यात येत आणि तात्पुरत्या जागा त्यांच्यामधूनच भरल्या जात. १९५० मध्ये शासनाच्या योजनेखाली गिरणी कामगारांची नोंदणी होऊ लागली. १९५९ च्या केंद्रीय कायद्याने पंचवीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त पदे सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. मात्र त्या कार्यालयाने सुचविलेल्या उमेदवारासच घ्यावे, असे बंधन त्यात नव्हते. तथापि जॉबरच्या मर्जीची जागा नोंदवहीने घ्यावी, ही दिशा निश्चित झाली.

वाट मोकळी झाली, तरी कौशल्याचा प्रश्न उरलाच. साचाखात्यातील कामगार आपले काम सहकाऱ्याशेजारी उभा राहून शिके. हे शिक्षण पक्के असे. परंतु त्याचे प्रमाणपत्र नसे आणि गिरणीबाहेर त्याचे मोलही नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, तेव्हा वीस-पंचवीस वर्षे साचे चालविलेल्या माणसास दुसरा धंदा ठाऊक नव्हता. केंद्र शासनाने १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. परंतु त्यातील बहुतांश रक्कम स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर खर्च झाली. पुनर्प्रशिक्षणाच्या वाट्यास अल्पच भाग आला. भरपाईची रक्कम संसारात संपून जाते, कौशल्य मात्र पुढेही उपयोगी पडते.

याच वस्तीत दुसरेही उदाहरण आहे. गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांच्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि बँकांची कर्जे मिळवून दिली. अंगी असलेल्या कौशल्याची दखल घेतली गेली, तर त्यावर उपजीविका उभी राहते, हे त्यांनी दाखवून दिले.

१९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांनी नोंद व कौशल्य यांची सांगड घालण्याचा मार्ग आखून दिला आहे. तो गावापर्यंत नेण्याचे काम मुख्यतः तिघांचे आहे. शिक्षकांनी शाळा सोडणाऱ्या मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम व प्रवेशाची मुदत वेळीच सांगावी. ग्रामपंचायत सदस्यांनी शहराकडे निघालेल्या तरुणाची नोंदणी व कागदपत्रे निघण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावीत. अधिकाऱ्यांनी परिसरातील कारखाने व दुकाने यांना कोणते कारागीर हवेत, हे प्रत्यक्ष विचारून मगच वर्ग उघडावेत आणि उद्योग बंद पडण्याची चिन्हे दिसताच तेथील कामगारांचे पुनर्प्रशिक्षण हाती घ्यावे. गिरणगावात ते वेळेवर झाले नाही. अन्यत्र तरी ते वेळेवर व्हावे, एवढी दक्षता आवश्यक आहे.