कॉम्प्युटर शिकायचा, पण सुरुवात कुठून?

(मावळातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेलं भाषण)

वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा, सगळीकडून एकच प्रश्न येतोय. डेटाबेस शिकायचा तर कोणता? प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती? क्लासवाले दर वेळी नवं नाव सांगतात. उत्तर देते, पण आधी आपलं रजिस्टर उघडू या.

सल्ला केंद्रात एखादी बाई सात वेळा येते. रजिस्टरमध्ये ती कधी सासरच्या नावाने असते, कधी माहेरच्या. नवऱ्याने टाकल्यावर आडनाव पुन्हा बदलतं. हेच एक्सेलमध्ये जसंच्या तसं उतरवलं की एका बाईच्या तीन बाया होतात. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करताना तर कधी काय घडलं याच्या तारखा सलग लागतात. तेव्हा बाईचं नाव ही तिची कायमची खूण धरता येत नाही, हा डेटाबेसचा पहिला धडा. तो आपल्याला कुणी शिकवायला नको! तिला एक नंबर द्यायचा. बायांचा तक्ता वेगळा, भेटींचा वेगळा, दोन्हींना जोडणारा तो नंबर. ‘पतीचे नाव’ हा रकाना सक्तीचा ठेवायचा की नाही, हेही आपण ठरवायचं, प्रोग्रॅमरने नव्हे.

आता जमिनीचं घ्या. एक्सप्रेसवे झाला, बंगले आले, मावळात गुंठ्याला भाव आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला. तरी भाऊबीजेच्या गोडीत हक्कसोडपत्रावर सह्या होतातच. आपल्याला विचारायचंय की सही झाल्यावर किती महिन्यांत ती जमीन विकली गेली, आणि बहिणीला त्यातलं काय मिळालं? बाई एका तक्त्यात, हक्कसोड दुसऱ्यात, विक्री तिसऱ्यात. तिन्ही जोडून एका वाक्यात हा प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी एसक्यूएल. ही भाषा १९७४ साली आयबीएममध्ये पुढे आली आणि अजून चालते. नव्वदच्या दशकात क्लासच्या पाट्यांवर फॉक्सप्रो झळकायचं. २००७ साली मायक्रोसॉफ्टने त्याची नवी आवृत्ती निघणार नाही असं जाहीर केलं. हत्यार कंपनीचं असलं की असं होतं. एसक्यूएल मात्र मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, सगळ्यांना थोड्याफार फरकाने कळतं.

सरावाला एसक्यूलाइट घ्या. फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, इंटरनेट लागत नाही. अंदर मावळात काम करणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधल्या याद्या दुसऱ्या मशीनवर अगम्य होतात. पायथॉन नंतर, तेच ते काम दर महिन्याला हाताने करून कंटाळा आला की. जावा आणि मोबाइल ॲप बनवणं तूर्त राहू द्या.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये असतो आणि त्या फाइलला स्वतःचं कुलूप नसतं. पेनड्राइव्ह हरवला की सगळ्या जणी उघड्यावर. ऑनलाइन शीट सोपी वाटते, पण लिंक ग्रुपवर पडली की कुणाच्या दिराकडे पोचेल सांगता येत नाही. घर सोडून आलेल्या बाईचा आत्ताचा पत्ता तिच्या जिवाशी निगडित आहे. तो वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डने सांकेतिक करून ठेवायचा. पासवर्ड दोघींकडे. एकीकडेच नको, ती आजारी पडली तर काम अडतं. आणि प्रत दुसऱ्या जागी, तीही कुलपात.

पुढच्या वेळी येताना आपल्या रजिस्टरचं एक पान उतरवून आणा, नावं-गावं बदलून. त्यावरून कागदावर तक्ते आखू. कॉम्प्युटर त्या दिवशी बंदच ठेवू.