टाचेची भेग आणि पहाटेची शेकोटी

(डिसेंबरच्या ग्रामसंघ बैठकीत केलेलं बोलणं. ऊसतोडीच्या गडबडीत ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्या ताईंसाठी इथे दिलं आहे.)



बचत जमा झाली, हप्ते झाले, वह्या मिटल्या. आता दहा मिनिटं मला द्या. विषय ऐकून हसाल. आज आपण टाचांवर बोलणार आहोत.

बघा, हसलातच. मघाशी एका काकूंना म्हटलं, जरा पाय दाखवा. त्यांनी पटकन पाय साडीत ओढून घेतले आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं बाई, रानात राबणाऱ्या बाईचं पाय असलंच असायचं." हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकते आणि दरवेळी मला माझी आत्या आठवते.

आत्याला साखर होती. गोळी कधी घ्यायची, कधी नाही. टाचेला बोटाचं पेर जाईल एवढी भेग. तशाच पायांनी गोठ्यात शेणघाण काढायची आणि थंडीत पहाटे शेकोटीला पाय धरून बसायची. एका जानेवारीत टाच भाजून फोड आला, तोही आम्हीच पाहिला. ती म्हणाली, "दुखत न्हाई की, कशाला दवाखाना?" दुखत नव्हतं, हेच तर वाईट लक्षण होतं. साखर जुनी झाली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, निखारा लागला, तरी कळत नाही. भेगेतून पू आत गेला. पाय वाचला, पण टाचेचं मांस कापून काढावं लागलं. तीन महिने ती अंथरुणावर. मी तेव्हा बारावीला होते, ड्रेसिंग मीच करायचे. गटाचे हप्ते थकले, म्हैस विकावी लागली. सुरुवात एका भेगेपासून झाली होती.

भेग पडते कशी, ते समजून घ्या. आपल्या अंगाच्या कातडीत तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळपायाला आणि तळहाताला त्या नसतातच. म्हणजे टाचेला आतून तेल मिळत नाही, जे द्यायचं ते बाहेरूनच. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा भेगांऐवजी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. थंडीत हवा कोरडी पडते आणि टाचेची जाड कातडी वाळून कडक होते. वरून अंगाचा भार आला की ती फाकते. आपल्या कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण ती टाच उघडी ठेवते आणि उघडी टाच जास्त फाकते. गोठ्यात आणि रानात जाताना बंद बूट घाला, कुणी हसलं तर हसू दे.

आता उपाय. रात्री भांडी आवरली की कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय सोडून बसा. कोमट म्हणजे कोमट, बंबातलं कढत नाही. कढत पाणी बरं वाटतं, पण कातडीतलं उरलंसुरलं तेल ओढून नेतं. वजरी हलक्या हाताने फिरवा, भांडं घासल्यासारखी नको. मग पाय टिपून घ्या आणि थोडे ओलसर असतानाच टाचेला तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. इथंच सगळ्या चुकतात. कोरड्या टाचेवर तेल लावून फारसा उपयोग नाही. तेलाचं काम आतलं पाणी कोंडून ठेवायचं, आत पाणीच नसेल तर कोंडणार काय? वरून जुने सुती मोजे घाला आणि झोपा. बोटांच्या बेचक्यात मात्र तेल नको, तिथं कोरडंच ठेवायचं.

साखर असलेल्या ताईंनी पाय भिजत घालायचे नाहीत. नुसते धुवा, टिपा आणि लावा. पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्या. ब्लेडने कातडी कापायची नाही. आणि शेकोटीपासून पाय लांब, हात शेका.

खोबरेल थंडीत गोठतं. साधारण 24 अंशांच्या खाली ते घट्ट होतंच, म्हणजे भेसळ आहे किंवा खराब झालं असं नाही. अरुंद तोंडाच्या बाटलीतून निघत नाही म्हणून आपण लावायचा कंटाळा करतो. उन्हात ठेवून पातळ करा आणि रुंद तोंडाच्या डबीत ओतून ठेवा, बोटाने निघतं. आजरा, चंदगड, गगनबावड्याकडच्या ताईंना कोकमाच्या तेलाचा गोळा माहीत असेल. तो किंचित गरम करून चोळला तर भेगेवर उत्तम बसतो. आपल्या आज्या तेच करायच्या. दिवाळीला आपण अंगभर तेल लावतो, थंडीच्या तोंडावर लावायचं ते काही उगाच नाही. पण पाडव्यानंतर बाटली फळीवर जाते ती पुढच्या दिवाळीलाच खाली येते.

आज्यांचं सगळंच बरोबर होतं, असंही नाही. भेगेत बिब्बा घालू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, साखरवाल्या बाईला तर ते फारच महागात पडतं. मेणबत्तीचं गरम मेण, चटकन चिकटणारा गम, मशेरी, राख, यातलं काहीही भेगेत भरायचं नाही. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि भेग म्हणजे त्यांना उघडं दार. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, आठवतंय? बाळंतपणातलं, असं बऱ्याच जणी म्हणतील. दहा वर्षं झाली असतील तर आशाताईंना विचारा.

हातांचं थोडक्यात. भांडी-धुणं झालं की हात टिपून लगेच तेल. पाचटाने कापलं असेल तर आधी साबणाने धुवा. आणि कपड्याचा साबण अंगाला लावू नका, कुणीच.

सगळी खाज थंडीची नसते. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ, घरातले दोघं-तिघं खाजवतायत, तर ती खरूज असू शकते. औषध सगळ्या घराने एकदम घ्यावं लागतं. फिकट चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर तेल चोळत बसू नका, लगेच तपासा. कुष्ठरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि तो पूर्ण बरा होतो. भेगेतून रक्त, पू, लाली, सूज किंवा ताप असेल तरी दवाखानाच. गरज पडली तर सीपीआरला त्वचारोग विभाग आहे.

आणखी एक. गावाबाहेर खोपी करून राहिलेल्या ऊसतोड टोळीतल्या बायका पहाटेच्या दंवात उभ्या असतात. त्यांना कुणी सांगत नाही की उपकेंद्र त्यांचंही आहे. वैरणीला जाताना भेटतात, तेव्हा तेवढं सांगा.

30 वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि बीपी उपकेंद्रात मोफत तपासतात. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक गटाने आपल्या किती जणींची तपासणी राहिली ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणा. त्या सगळ्या जणी मिळून एकाच दिवशी जाऊ. मघाच्या काकूंनी पहिलं नाव स्वतःचं सांगितलंय.