नीरा, उन्हं चढण्याआधी

गझल लिहिणाऱ्याला लोक हमखास मद्याची चव विचारतात. मला ठाऊक आहे ती नीरेची. संध्याकाळी शिंदीला आतून चुना लावलेलं मडकं बांधतात. चुन्यामुळे रस आंबायला वेळ लागतो. पहाटेचा पहिला पेला थंड, शहाळ्याहून गोड, शेवटी चुन्याची पुसट चव. नीरा केंद्रावरची बर्फातली असते, जरा पातळच लागते. पण प्रवासात तीही गोड मानावी. घरी आणून ठेवली, की उन्हाबरोबर जिभेला चुरचुरू लागते. साखरेची दारू व्हायला लागलेली असते. अम्मी पेला हुंगायची आणि उरलेली मोरीत ओतायची. "आत्ता तर गोड होती," अब्बा हळहळायचे. हलाल-हरामची रेघ अम्मीच्या नाकावर होती. घड्याळ तिनं कधी पाहिलं नाही.