परमुलखातील आपले बोलणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चेन्नई येथे दिलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस 'दैनंदिन जीवनातील आत्मसुधारणा' हा विषय दिला आहे. विषय असा आहे की वक्ता उभा राहण्यापूर्वीच श्रोते त्याच्याशी सहमत झालेले असतात, आणि सभागृहाच्या पायऱ्या उतरता उतरता तो विसरलेलेही असतात. म्हणून उपदेशाचा पसारा न मांडता आम्ही एकाच गोष्टीविषयी बोलणार आहोत. या शहरात रोज ज्यांच्याशी आपला संबंध येतो, त्यांच्याशी आपण कसे बोलतो?

महाराष्ट्रातून येथे आलेला माणूस तमिळ शिकतो तो बहुधा आज्ञार्थापासून. वा, पो, कुडु. म्हणजे ये, जा, दे. घरकामाच्या बाईंशी, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी एवढ्या भांडवलावर व्यवहार चालतो, आणि अनेकांचे तमिळ आयुष्यभर तेवढेच राहते. परंतु याच भाषेत वांग, पोंग, कुडुंग अशीही रूपे आहेत; आपल्या या, जा, द्या यांच्या तोडीची. (वांग ऐकून वांग्याची आठवण होते, ती खुशाल होऊ द्यावी. शब्द लक्षात राहण्यास तिची मदतच होते.) फरक काय तो शेवटच्या एका अक्षराचा. पुण्यात वा कोल्हापुरात भाजीवालीला 'मावशी, जरा द्या' म्हणणारी जीभ येथे 'कुडु' म्हणून मोकळी होते. तीत उर्मटपणा नसतो, अज्ञान असते. पण ऐकणाऱ्याच्या कानाला त्या दोहोंतला भेद कसा कळावा? नम्रता नुसती मनात असून भागत नाही. तिला व्याकरणही शिकावे लागते.

येथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर वेल्लोर आहे. तेथील तुरुंगात 1942 च्या आंदोलनानंतर एक मराठी माणूस डांबलेला होता. वय सत्तेचाळीसच्या आसपास, प्रकृती तोळामासा. त्याने त्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या चारही भाषांचा अभ्यास केला. हे विनोबा भावे. रायगड जिल्ह्यातील गागोद्याला जन्मलेला आणि बडोद्यात वाढलेला, म्हणजे आपल्यासारखाच परमुलखाचे पाणी प्यालेला मुलगा. तुरुंगात भाजी घ्यावयाची नसते, रिक्षा ठरवावयाची नसते. तरीही त्यांना शेजाऱ्याची भाषा हवी होती, कारण तिच्यातून त्यांना त्याचे मन वाचावयाचे होते.

विनोबांना हा धडा प्रथम घरातच मिळाला होता. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळेना. मराठीत जे भाषांतर मिळाले तेही जड वाटले. तेव्हा मुलालाच त्या म्हणाल्या की, मग तूच का करीत नाहीस? माउली 1918 साली गेली. 'गीताई' लिहून झाली 1930-31 मध्ये. ऐकणाऱ्याला कळत नसेल तर उणीव ऐकणाऱ्याची नव्हे, ही समजूत त्या पुस्तकाच्या मुळाशी आहे. आणि आईचे एक वाक्य अनेक वर्षे मनात जपून ते कृतीत उतरविले गेले, हे आम्हांस त्याहूनही मोठे वाटते.

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत ते गेले, तेव्हाही आरंभ भाषणाने झाला नाही. विचारपूस करण्याने झाला. भूमिहीन हरिजन कुटुंबांनी 80 एकर जमीन हवी म्हणून सांगितले. विनोबांनी तेथे जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की, आपल्यापैकी कोणी काही करू शकेल काय? रामचंद्र रेड्डी उठले आणि त्यांनी 100 एकर देऊ केले. पुढे तेरा वर्षे पायपीट झाली, तमिळनाडूतही झाली. भूदानाचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. लाखो एकर कागदावर मिळाले. त्यांतील बरीच जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली आणि मोठा भाग वाटलाच गेला नाही. दानपत्रानंतरचे मोजणी-नोंदणीचे रुक्ष काम अपुरे पडले, हे त्याचे एक कारण. शब्द दिल्यानंतरची चिकाटी ही किती अवघड वस्तू आहे, ते यावरून दिसते.

तंजावरच्या मराठ्यांचा अभिमान आपण येथे नेहमी सांगतो. तेथे मराठी कीर्तन तमिळ हरिकथेत मिसळले आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चालींवर तमिळ पदे गाइली जाऊ लागली. हे घडले ते दोन्ही बाजूंचे कान उघडे होते म्हणून.

आता घरात येऊ. येथे जन्मलेली आपली मुले रस्त्यावर तमिळ अस्खलित बोलतात, मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. सांगलीहून आजीचा फोन आला की मूल तो चटकन आईच्या हाती देते. याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. मूल 'ती पुस्तक' म्हणाले की घरातली चार माणसे हसतात, पाहुण्यांसमोर तो किस्सा पुन्हा सांगितला जातो, आणि मूल मनात ठरविते की या भाषेत तोंड उघडणे धोक्याचे आहे. हसण्याऐवजी 'हो, ते पुस्तक माझ्याकडेच आहे' एवढे म्हणून पुढे बोलत राहावे. दुरुस्ती होते आणि अपमान होत नाही. मुलाचे वाक्य मात्र पूर्ण होऊ द्यावे. निम्म्यातच शब्द पुरविण्याची घाई करू नये. कार्यकारिणीच्या बैठकीतही हा नियम लागू केल्यास बैठका लवकर संपतील, असा आमचा अंदाज आहे. आणखी पन्नास वर्षांनी या सभागृहात कोणी मराठीतून भाषण करील की नाही, हे व्याख्यानांपेक्षा त्या फोनवरच्या दोन मिनिटांवर अधिक अवलंबून आहे.

डिसेंबर 2015 च्या महापुरात या शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. नागपूर-पुण्याचे आप्त व्याकूळ होते, पण येऊ शकत नव्हते. त्या दिवसांत ज्याला हाक मारता येत होती तो शेजारीच होता. त्याला हाक कोणत्या शब्दांत मारावयाची, हे पाणी चढण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आणि तिने ती मान्य केली आहे. रविवारी सकाळचा मुलांचा मराठी वर्ग संपल्यावर त्याच खोलीत अर्धा तास मोठ्यांचा तमिळ वर्ग भरेल. शिकविणार आहेत मुले. खडू, फळा आणि हसण्याची मुभा, तिन्ही त्यांच्याकडे राहतील. पहिला धडा अर्थातच वांग, पोंग, कुडुंग. नावे नोंदविण्याची वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव आमचेच आहे. त्याखाली बरीच जागा मोकळी आहे.