आकाशाला लावलेला कान

आमच्या दवनीवाड्याकडे धानाच्या भरल्या बांधीत खडा टाकला, की तरंग धुऱ्यापर्यंत जातो. अवकाशातही असे तरंग उठतात, हे आइन्स्टाइनने १९१६ साली मांडले. ते पकडता आले १४ सप्टेंबर २०१५ रोजी. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. अमेरिकेतल्या ‘लायगो’च्या चार किलोमीटर लांब भुजांमध्ये त्यामुळे पडलेला फरक प्रोटॉनहूनही शेकडो पटींनी लहान होता. लेसर किरणांनी तो टिपला.

लायगोच्या दोन केंद्रांवर हा तरंग सात सहस्रांश सेकंदांच्या अंतराने पोचला. अंधारात हाक कुठून आली, हे दोन कानांमुळे कळते, तसेच हे. पण नेमकी जागा सांगायला दूरदूरचे कान हवेत. इटलीत, जपानमध्ये ते आहेत. आणखी एक हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

ही जागा निवडताना जमिनीची शांतता पाहिली गेली. ज्याला आपण मागास म्हणत आलो, त्या मुलखाची शांतता जगाच्या कामी येणार! मात्र तिथल्या शेतकऱ्याचे लेकरू त्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून शिरेल, की फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहील? याचे उत्तर तिथल्या शाळांतून द्यावे लागेल, आणि आजपासूनच.